कोल्ड रूम तीन, आतून

१

कुंभिवलीच्या त्या कारखान्यात मटार, मक्याचे दाणे आणि भेंडीचे तुकडे गोठवून पिशव्यांत भरले जायचे. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग, आत पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांची रांग. नम्रता ठोंबरे या दोन्ही रांगांत नव्हती. ती टाइम ऑफिसात बसायची. फाटकाला लागून काचेची एक खोली, एक संगणक, एक टेबलफॅन, आणि समोरच्या पडद्यावर दिवसभर सरकणाऱ्या ओळी. कोण आलं, कोण गेलं, कुठल्या दारातून गेलं.

पूर्वी सगळ्यांच्या गळ्यात कार्डं होती. कार्ड विसरलं की अर्धा दिवस बुडायचा आणि त्यावरून रोज रडारड व्हायची. दोन वर्षांपूर्वी कंपनीने कॅन्टीनमध्ये शिबिर घेतलं. डोळे तपासायला मांडतात तसं टेबल मांडलं, पांढऱ्या कोटातला एक माणूस बसवला, आणि त्याने प्रत्येकीच्या अंगठ्याच्या बेचक्यात जाड सुईने एकेक चिप सोडली. तांदळाच्या दाण्याएवढी. बायका तिला तांदूळच म्हणू लागल्या. प्रत्येकीला स्टीलचा डबा भेट मिळाला. सही करायचा कागद इंग्रजीत होता. "कार्डाची कटकट संपली, आता हात घरी विसरून कोण येतंय?" असं एचआरचे विपुल सर माइकवर म्हणाले, तेव्हा सगळ्या हसल्या. नम्रताही हसली; तिच्याही बेचक्यात तांदूळ गेला होता. साहेब लोकांचे हात मात्र कोणी टोचले नाहीत. त्यांच्या गळ्यातली कार्डं तशीच राहिली.

मग दारादारांवर काळ्या डब्या आल्या. हात दाखवायचा, तर दार उघडायचं. पाण्याच्या नळाशी डबी, कॅन्टीनला डबी, संडासाच्या दारालाही डबी. रोज साडेपाचला नम्रताने एक यादी वर पाठवायची: तीनपेक्षा जास्त वेळा संडासला गेलेल्या बायका, मिनिटांसकट. पहिला महिनाभर ती यादी करताना तिचं तोंड कडू व्हायचं. पुढे सवय झाली. सुरभी नावाची एक पोर सलग नऊ दिवस यादीत आली. तिला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याआधी कंपनीला कळलं. महिनाअखेरीला तिचं काम सुटलं. कारण कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि नम्रताने विचारलंही नाही.

त्या गुरुवारी सकाळी संगणक अडकला. अक्षय म्हणून कंपनीचा एक संगणकवाला होता, तो मुंबईत बसायचा. त्याने फोनवरून सांगून सांगून संगणक पुन्हा सुरू करवून घेतला. त्यात एक गोष्ट झाली. वर्षभर बंद करून ठेवलेला आवाज परत चालू झाला.

अकरा चाळीसला संगणक "ट्यँ" असा वाजला. पडद्यावर लाल ओळ आली.

कोल्ड रूम ३. आतून. भागी चांगो निरगुडा. नाकारले.

नम्रताने ती दोनदा वाचली. भागीला जाऊन चौदा दिवस झाले होते.

२

भागी कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीतली. कंपनीत झाडलोटीला होती. बारीक चणीची, कमी बोलणारी. फाटकातून आत येताना काचेकडे बघून मान हलवायची, तेवढीच ओळख. कंपनीने सांगितलं ते असं: त्या दिवशी तिला चक्कर आली, ती सुट्टी मागून अकरा बत्तीसला बाहेर पडली आणि हायवेच्या कडेला उन्हात कोसळली. एका टेंपोवाल्याने दवाखान्यात पोचवलं, पण तोवर संपलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये दोन मिनिटं शांतता पाळली. त्या दोन मिनिटांसाठी पॅकिंगची लाइन थांबवलेली नव्हती.

"ट्यँ." पुन्हा तीच ओळ. मग पुन्हा.

तिने अक्षयला फोन लावला.

"काही नाही हो मॅडम, जुन्या नोंदी अडकल्या असतील सर्व्हरवर. आता मोकळ्या होतायत."

"पण तारीख आजची आहे."

"पाठवताना आजची लागते कधीकधी."

"आणि कोल्ड रूम तीन बंद आहे. दुरुस्तीला काढलीय, मशीनसुद्धा चालू नाही."

"तरी डबीला बॅटरी असते ना मॅडम," म्हणाला. "आवाज बंद करून टाका."

नम्रताने ते पटवून घेतलं. यंत्र आहे, बिघडणारच. तरी तिने भागी गेली त्या दिवसाचं पान उघडलं. त्यात कोल्ड रूमची एकही ओळ नव्हती. एकच नोंद होती: मुख्य फाटक, बाहेर, ११:३२. पुढे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हाताने भरलेली नोंद. ज्याने भरली त्याचे नाव: एन. ठोंबरे.

तिने ती भरली नव्हती. त्या दुपारी ती जेवायला गेली होती आणि संगणक उघडाच होता, हे तिला नीट आठवत होतं.

३

शुक्रवारी ती अकरालाच वही काढून बसली. आज काही येणार नाही, असं ती स्वतःला बजावत होती. मोकळ्या व्हायच्या त्या नोंदी काल झाल्या.

११:४०:१८. ट्यँ.

तिने लिहून घ्यायला सुरुवात केली. पहिल्या सहा ओळी मिनिटभरात आल्या. मग दोन मिनिटं काही नाही. मग चार, एकापाठोपाठ. मग दम खाल्ल्यासारखी फट. बाराच्या सुमारास ओळी जवळजवळ सारख्या अंतराने येऊ लागल्या, दर सव्वा मिनिटाला एक, जणू कोणी मनात आकडे मोजून हात दाखवतंय. नंतर अंतर वाढत गेलं. तीन मिनिटं. पाच. एकदा नऊ. नवव्या मिनिटाला एक ओळ आली तेव्हा नम्रताला चक्क बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली. १२:३३ ला एक आली. त्यानंतर आली नाही.

एकूण एक्केचाळीस.

ती वही मिटणार तोच १२:५३ ला एक हिरवी ओळ आली.

वेळ पूर्ण. बाहेर जाण्यास परवानगी.

तिने रूपालीला बोलावून घेतलं. रूपाली कोल्ड रूमची जुनी कामगार, तोंडाने फटकळ. पण त्या दिवशी ती दाराशीच उभी राहिली.

"आतून बाहेर यायला वेळ ठरवून दिलीय का गं?"

"तुमाला ठाऊक नाय?" रूपाली म्हणाली. "वीस मिनिटं. उणे तीस हाय आत. बायका ऊब घ्यायला मधेच बाहेर येतात म्हणून केलंय साहेबांनी. वीस झाल्याबिगर दार सोडत नाय. आणि घाई केली, आधीच हात दाखवला, की घड्याळ पुना पयल्यापासून."

"म्हणजे?"

"म्हंजे काय, आणखी वीस. आमी नव्या बाईला आधी ह्येच शिकवतो, की हात काखेत घालून गप उभी ऱ्हा. पूर्वी आतून दार ढकलून उगडायचा खटका व्हता. त्यावर पत्रा ठोकलाय."

नम्रताने वहीकडे बघितलं. एक्केचाळीस वेळा हात दाखवला. एक्केचाळीस वेळा घड्याळ मागे गेलं.

"भागीला कोणी शिकवलं होतं?"

रूपालीने काचेबाहेर नजर टाकली. "ती झाडूवाली. त्या दिशी एक बाई आली नव्हती, म्हणून सुपरवायझरने तिला एक क्रेट आणायला धाडलं. दोन मिनटाचं काम म्हणून जाकीटसुद्धा नाय दिलं. मी तिला आत जाताना बघितली, ताई. येताना नाय बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी?"

ते उत्तर नम्रताच्या कानात राहिलं. कारण त्या दिवशी अकरा चाळीस ते बारा तेहेतीस ती याच खुर्चीत होती. लाल ओळी रोजच यायच्या, शेकड्यांनी. घाई करणाऱ्या बायकांच्या. कटकट नको म्हणून आवाज तिनेच बंद केला होता. ओळी खाली सरकत असताना ती संडासाची यादी करत होती.

४

विपुल सरांचं केबिन वर होतं, थंडगार. ते बोलायचे छान. नम्रताने वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

"सर्व्हरच्या सिंकचा प्रॉब्लेम आहे मॅडम. मला माहितीय. रोज एक वाजता मी साफ करतो ना त्या ओळी."

"रोज येतात?"

"येतात आणि जातात. तुम्ही कशाला डोक्याला त्रास करून घेता?"

"सर, त्या दिवशी ती अकरा बत्तीसला बाहेर गेली नव्हती."

"रेकॉर्डवर गेलीय." ते हसले. "आणि ती नोंद तुमच्याच लॉगिनने आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको."

एका बाईला गुराढोरांसारखा बिल्ला टोचला, तोही कातडीच्या आत; तिला आत कोंडलं, बाहेर रस्त्यावर नेऊन टाकलं, आणि त्यावर सही नम्रताच्या नावाची केली. आणि समोरचा माणूस पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवतोय.

"एक काम होतं," ते म्हणाले. "ती चिप कंपनीची मालमत्ता होती. ती परत मागत नाही आम्ही, माणुसकी म्हणून. तिच्या नवऱ्याचा फक्त एवढ्यावर अंगठा आणा. तक्रार नाही म्हणून. तिच्या मुलीला आईच्या जागी घेऊ. रविवारी जाऊन या, तुमचं गाव त्या बाजूलाच ना?"

तिचं गाव त्या बाजूला नव्हतं. पण कागद तिने घेतला.

शनिवारी एक्केचाळीस ओळी पुन्हा आल्या. तिने त्या वहीतल्याशी ताडून बघितल्या. सेकंदसुद्धा चुकला नव्हता. साहेब रोज पुसत होते आणि कोणीतरी रोज पहिल्यापासून लिहून देत होतं. त्या संध्याकाळी तिने कारखाने तपासणीच्या कार्यालयाला स्वतःच्या नावाने तक्रार पाठवली. अधिकारी गुरुवारी येतील, असं उत्तर आलं.

५

कोंडाण्यापासून वाडीपर्यंत अर्धा तास चढ. उन्हाने करवंदीच्या जाळ्याही मान टाकून बसल्या होत्या. चांगो निरगुडा अंगणात कारवीच्या काठ्या सोलत होता. त्याची पोरगी संध्या, बारावी झालेली, हंडा उतरवून दारात उभी राहिली.

चांगोने कागद हातात घेतला. "काय लिवलंय?"

"कंपनीबद्दल तुमची तक्रार नाही, असं."

"आन ह्यो तुमी घेऊन आलात?"

"तुम्हाला दाखवायला आणलाय, दादा. अंगठा देऊ नका."

त्याने कागद काठ्यांखाली सारला. बराच वेळ तो सालं काढत राहिला. मग आपणहून बोलला.

"उन्हात पडली म्हनले. मी दवाखान्यात हात लावला. मेलेलं मानूस गार पडतं, मला ठावं हाय, आई-बापाला पोचवलंय मी. ह्ये तसं नव्हतं. तिच्या बोटांच्या पेरांतून पानी सुटत व्हतं, बरफ वितळावा तसं. आन ह्यो हात," त्याने स्वतःचा उजवा हात उलटा करून अंगठ्यापासची कड दाखवली, "हितलं चामडं नव्हतं. कशावर तरी घासून घासून ग्येलेलं. आतला तांदूळ दिसत व्हता."

"तो तांदूळ कुठे आहे?"

"सरनावर ग्येला तिच्यासंगं. राख सावडली तवा काय गावलं नाय."

नम्रताच्या मनात एक शेवटचा आधार होता: चिप कोणीतरी काढून कंपनीत ठेवली असेल, ती डबीजवळ पडून वाजत असेल. तोही गेला. तिने मग सगळं सांगितलं. ओळी, वेळा, वाढत जाणाऱ्या फटी. आवाज बंद केला होता तेही सांगितलं. ते सांगताना तिने मान वर केली नाही.

"आत्ता बी येतात?" चांगोने विचारलं.

"रोज. गुरुवारी सरकारी तपासणीचे साहेब येतील. तोवर आल्या तर ते स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. मग कंपनीला लपवता येणार नाही."

"म्हंजी चार दिस ती आतच ऱ्हानार?"

हा विचार नम्रताने असा केलाच नव्हता.

"दार उगडता येतं का?"

"येतं. माझ्या संगणकावरून माझ्याच हाताला परवानगी देता येते. एक खूण करायची." ते म्हणताना तिला कळलं, ती खूण त्या दिवशीही करता आली असती. "पण मी दार उघडलं, आणि ओळी थांबल्या, तर दाखवायला काही उरणार नाही."

"उगडा," चांगो म्हणाला.

"नाय बा," संध्या दारातून पुढे आली. तिचे डोळे कोरडे होते. "राहू दे. साहेबाला बघू दे. नायतर उद्या आणखी कुणाची आई आत जाईल."

"तुजी आई थंडीत हुबी हाय गं!"

"माहीत हाय मला! आता चार दिवसांनी काय मरणार हाय ती?"

चांगोने हातातली काठी टाकली आणि तो उठून झोपडीमागे गेला. संध्या तशीच उभी होती.

"ताई, उघडू नका," ती हळूच म्हणाली. "मी सांगते म्हणून."

६

सोमवारी नम्रताने अकरा पस्तीसला स्वतःच्या नावापुढे खूण केली. उघडायचं की नाही हे तिने ठरवलं नव्हतं. फक्त जवळ जाऊन बघायचं, एवढंच.

कोल्ड रूम तीन बोळाच्या टोकाला होती. बाहेर दिवस लख्ख होता, बोळात पांढरे दिवे होते, पलीकडे लाइनवर मटार ओतल्याचा सळसळाट होता. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मशीनचा दिवा विझलेला. तिने दारावर हात ठेवला आणि काढून घेतला. पत्रा इतका गार होता की बोटं चिकटली.

दारात ताटलीएवढी जाड काच होती. आतून तिच्यावर बर्फाची साय धरली होती. अठरा दिवस बंद असलेल्या खोलीत.

अकरा चाळीसला दारापलीकडे डबी वाजली. पडद्यावरच्यापेक्षा बारीक आवाज. पुन्हा. पुन्हा. त्या वाजण्याच्या मधल्या जागेत काहीतरी घासत होतं, ओलं आणि मऊ, दाराच्या आतल्या बाजूने, हाताच्या उंचीवर.

नम्रता उभी राहिली. संध्याचं म्हणणं बरोबर होतं. तीन दिवस. त्या तीन दिवसांत पुढच्या सगळ्या बायकांचं भलं होतं. ती मनात हे म्हणत होती आणि डबी वाजत होती, आणि वाजण्यातली फट वाढत होती. तिला पुढची प्रत्येक फट पाठ होती. आता दोन मिनिटं. आता चार लागोपाठ. अठरा मिनिटं ती तिथे हिशेब करत उभी राहिली, आणि त्या अठरा मिनिटांची लाज तिला पुढे कायम वाटली.

मग काचेवरची साय एका जागी पातळ झाली. आतून कोणीतरी तळव्याच्या कडेने पुसावी तशी, एक तिरपी पट्टी. पट्टीत काळोख होता. त्या काळोखात काचेच्या अगदी जवळ काहीतरी होतं आणि ते बाहेर बघत होतं. नम्रताला चेहरा दिसला नाही. एवढंच दिसलं की तिला बघून त्याने मान हलवली, रोज सकाळी फाटकातून येताना हलवावी तशी.

नम्रताने डबीवर हात मारला.

दार सुटलं. पांढरी वाफ तिच्या पायांवरून बोळात पसरली. आत रिकाम्या मांडण्या, फरशीवर एक पडलेलं क्रेट. कोणी नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला पत्रा ठोकलेला होता, आणि डबीखालचा रंग घासून घासून उडून खालचं लोखंड चकाकत होतं.

तेवढ्यात तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात कळ उठली. सुई टोचली होती तिथेच, बर्फाचा खडा ठेवावा तशी. कोणीतरी तिचा हात धरला होता. धरला, आणि सोडला. ट्रॉली ढकलत आलेली रूपाली तिच्यामागे उभी होती. तिने "आई गं" म्हणत स्वतःचा हात झटकला. मग तिच्यापलीकडची बाई. मग लाइनवरची पहिली, दुसरी, तिसरी. मटाराची धार चालू राहिली, पण एकेकीचा हात थांबत गेला, बोळापासून फाटकापर्यंत, ओळीने. बोळाचं दार आपोआप सरकलं. मग लाइनचं. मग अंगणाकडचं, आणि वैशाखाचं ऊन आत आलं.

कोणी किंचाळलं नाही. रूपालीने टोपी काढून मुठीत धरली.

विपुल सर धावत आले. "दार कोणाच्या परवानगीने उघडलं?"

"माझ्या लॉगिनने," नम्रता म्हणाली. "तेवढं मात्र खरंच मी केलंय."

टाइम ऑफिसच्या पडद्यावर शेवटची ओळ होती. मुख्य फाटक. बाहेर. भागी चांगो निरगुडा. ११:५८. विपुल सरांनी ती तिच्यासमोर पुसली आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

७

मंगळवारी ओळी आल्या नाहीत. बुधवारीही नाहीत. हे रूपालीने फोन करून कळवलं. हेही कळवलं की पत्रा काढून टाकलाय, नवा खटका बसवलाय, दाराला आतून रंग दिलाय. वासाने डोकं उठतंय म्हणाली.

गुरुवारी तक्रारदार म्हणून नम्रताला आत घेणं कंपनीला भाग पडलं. फाटकाशी चांगो आणि संध्या उभी होती.

"उघडलंत ना?" संध्या म्हणाली. "आता काय दाखवणार?"

"माफ कर गं. उभं राहवलं नाही."

संध्याने तोंड फिरवलं. चांगोने मात्र नम्रतापुढे दोन्ही हात जोडले. ते बघणं तिला जास्त जड गेलं.

तपासणीचे अधिकारी साठीला आलेले, जाड चष्म्याचे, कंटाळलेले गृहस्थ होते. त्यांनी संगणक बघितला, स्वच्छ. त्या दिवसाचं पान बघितलं. अकरा बत्तीस, बाहेर. नम्रता म्हणाली, "ही नोंद माझ्या नावाने आहे, पण मी केलेली नाही." त्यांनी मान डोलावली, लिहिलं काही नाही. तिच्या हस्ताक्षरातली वही चाळली. "हे काय, तुम्ही घरी बसूनही लिहू शकता," असं म्हणाले. चांगल्या स्वरातच म्हणाले. विपुल सरांनी चहा मागवला.

"ती खोली बघून घेतो एकदा," अधिकारी म्हणाले.

सगळे बोळातून गेले. लाइनवरच्या बायका हात थांबवून वळल्या. नवा खटका लाल रंगाचा होता, चकचकीत. अधिकारी म्हणाले, "मी आत जातो, दार लावा. खटका चालतो का पाहू." विपुल सरांनी आनंदाने दार लावलं.

खटका लगेच वाजायला हवा होता. वाजला नाही. मिनिट गेलं, दोन गेली. विपुल सर काचेशी वाकले आणि एकदम मागे झाले. मग खटका वाजला, दार सावकाश उघडलं आणि अधिकारी उंबऱ्यात आले. त्यांच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं. ते दोन्ही हात एकमेकांवर चोळत होते.

"मशीन बंद आहे म्हणालात ना?"

"हो सर. तीन आठवडे."

"मग त्या बाईला असं उभं का केलंय?"

"कुठल्या बाईला, सर?"

"आतल्या." त्यांच्या आवाजात चीड होती, साधी, सरकारी माणसाची चीड. "अंगात जाकीट नाही, हात सोललेला. मी म्हटलं, दार उघडतोय, चला बाहेर. तर म्हणते, मी गेले होते, सोडली होती मला. परत आलेय. आधी लिहून घ्या म्हणते, मग जाते."

विपुल सरांनी गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं होतं. संध्याने बापाचा दंड पकडला. नम्रताने बघितलं, पोरगी आता रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी.

"सर," विपुल सर कसेबसे म्हणाले, "आत कोणी नाहीये. खोली रिकामी आहे."

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. बहुधा त्या दिवसात पहिल्यांदाच. मग चष्मा सदऱ्याला पुसला, पिशवीतून कोऱ्या कागदांचं पॅड काढलं, पेन उघडलं आणि ते परत आत गेले. दार लोटलं जाऊ नये म्हणून रूपालीने ट्रॉली मधे अडकवली. चांगो उंबऱ्याशी जाऊन खाली बसला, तिथून येणाऱ्या गारव्याकडे पाठ न करता.

आतून खुर्चीसारखं क्रेट ओढल्याचा आवाज आला.

"पूर्ण नाव?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कागदावर पेन चालू लागलं. पान उलटलं. पुन्हा चालू लागलं. मध्ये एकदा ते थांबलं, आणि अधिकाऱ्यांचा आवाज आला, मघापेक्षा खूप हळू.

"सावकाश सांगा, बाई. दार उघडंच आहे."